साडेचोवीस शेर

बॅग नुसती उचलून तिचं वजन सांगणारी माणसं प्रत्येक घराण्यात एखाददुसरी असतातच. ही विद्या शिकून येत नाही. ती जन्मानेच लाभावी लागते. घरातलं कुणी परदेशी निघालं, की ही मंडळी दोन दिवस आधी अगत्याने येतात, चहापोहे घेतात आणि जाता जाता भिंतीशी उभ्या केलेल्या बॅगेकडे पैलवानाने नव्या गड्याकडे पाहावं तसं पाहतात. बाही वर जाते. बॅग जमिनीपासून वीतभर उचलली जाते, दोनदा झुलवली जाते आणि डोळे मिटून निकाल जाहीर होतो, "एकवीस! फार तर साडेएकवीस. बिनघोर जा!"

आमचे एक मेहुणे या विद्येत पारंगत आहेत. त्यांनी एकवीस म्हणून पास केलेली एका भाच्याची बॅग मुंबईच्या विमानतळावर सव्वीस किलो तीनशे ग्रॅम भरली. भाच्याने तिथूनच त्यांना फोन केला. मेहुणे शांतपणे म्हणाले, "त्यांचा काटा तपासून घ्यायला सांग." अशा माणसांचं एक बरं असतं. बॅग उचलतात ती आपल्या दिवाणखान्यात. काउंटरपुढे ती कधीच उभी नसतात.

मी दुसऱ्या पंथाचा. आयुष्यभर हिशेबतपासनिसाची नोकरी केल्यामुळे 'अंदाजे' हा शब्द ऐकला, की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी शिकागोला जायचं ठरलं, तेव्हा खात्यांची वाटणी आपसूक झाली. बॅगेत काय भरायचं ते हिने ठरवायचं आणि किती भरायचं ते मी. कागदावर ही वाटणी निर्दोष होती. कागदावरच्या वाटण्या निर्दोषच असतात.

खरं म्हणजे तराजूत बसणं हा आपल्याकडे थोरामोठ्यांचा मान. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरला जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली. त्याआधीची म्हणजे द्वापारयुगातली, सत्यभामेने केलेली श्रीकृष्णाची तुला. तिचे सगळे दागिने घालूनही पारडं हलेना आणि रुक्मिणीने एक तुळशीचं पान ठेवल्याबरोबर ते खाली गेलं. कीर्तनात ही कथा ऐकताना डोळे भरून येतात. विमानतळावर मात्र तुळशीच्या एका पानाने पारडं खाली गेलं, तर ते पान बाहेर काढा म्हणतात.

विमानांना वजनाचं वावडं पहिल्यापासूनच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आपलं चिमुकलं पुस मॉथ विमान घेऊन उतरले, ती आपल्या हवाई वाहतुकीची सुरुवात. त्या विमानात होती २५ किलो टपाल. पंचवीस किलो! आज तीच थैली घेऊन जेआरडी काउंटरवर उभे राहते, तर समोरची मुलगी गोड हसून म्हणाली असती, "सर, दोन किलो काढावे लागतील." तिकडे त्याच सुमारास लंडनहून उडणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या विमानांत सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करत. ती पद्धत बंद झाली हे फार चांगलं झालं. आमच्या घरात ती चालू असती, तर परदेशी जाण्याचा विषयच कुणी काढला नसता.

मग कितीतरी वर्षं साध्या वर्गाला वीस किलोंचा नियम होता. हल्ली अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक विमानांत माणशी दोन बॅगा आणि प्रत्येक बॅग तेवीस किलोंची, असा हिशेब असतो. आता तेवीसच का? वीस नाही, पंचवीस नाही, सत्यनारायणाच्या प्रसादासारखं सव्वाच्या पटीतलंही नाही. तर त्याचं मूळ पौंडात आहे. पन्नास पौंड म्हणजे बावीस किलो सहाशे ऐंशी ग्रॅम. ते गोल केलं, की तेवीस. आणि पैसे मोजायची तयारी असली, तरी बत्तीस किलोंवरची बॅग सहसा घेतच नाहीत, कारण ती उचलून विमानाच्या पोटात टाकणाऱ्या माणसाला पाठ असते. हा नियम मला मनापासून मान्य आहे. एकाच बॅगेत बत्तीस किलो भरून 'चाकं आहेत की तिला' म्हणणाऱ्यांना एक दिवस त्या पोटात बॅगा रचायला पाठवलं पाहिजे.

आमच्या घरी तेवीस किलोंचा अर्थ लावायचं काम आईने केलं. आई अठ्ठ्याऐंशीची. दशमान पद्धतीची वजनं आपल्याकडे १९५८च्या ऑक्टोबरात आली, १९६२त सक्तीची झाली. पण आईने ती सरकारी कामापुरतीच मानली. तिचा शेर अजून ऐंशी तोळ्यांचा आहे आणि तिचा मनातला हिशेब माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी पुरा होतो. "तेवीस किलो म्हणजे साडेचोवीस शेर, वर बारा तोळे," ती म्हणाली. "बाळंतिणीला एवढ्यात काय होतंय?"

दोघांच्या मिळून चार बॅगा, ब्याण्णव किलो. ऐकायला आकडा भरघोस वाटतो. पण मी प्रथम चारी बॅगा रिकाम्या तोलल्या. प्रत्येकी चार किलो दोनशे! म्हणजे सोळा किलो आठशे ग्रॅम तर नुसतं बॅगांनीच खाल्लं. उरले पंचाहत्तर किलो दोनशे. त्यात आमचे थंडीचे कपडे, डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाळंतशेपा, खारकेची पूड, बाळाची दुपटी, झबली, टोपडी, जावयाच्या कचेरीतल्या मंडळींसाठी बाकरवडी. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे सुंठ कुटायला लोखंडी खलबत्ता.

"तिकडे मिक्सर आहे की," मी म्हटलं.

यावर हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच खलबत्त्याचं वजन करायला घेतलं. बत्त्यासकट एक किलो नऊशे वीस.

लेक रोज रात्री फोनवर सांगत होती, "आई, इथे डिव्हॉन अॅव्हेन्यूवर सगळं मिळतं गं. अगदी अळीवसुद्धा." तिचं म्हणणं खरंच होतं. पण लेक जितकं 'सगळं मिळतं' म्हणे, तितका बॅगेत एकेक पदार्थ वाढत जाई.

आता काट्याचं. बॅग तोलायची म्हणजे काटा हवा, आणि काट्यांच्या बाबतीत आपण किती अंधश्रद्धाळू आहोत, हे मला त्या पंधरवड्यात कळलं. घरात गोल तबकडीचा, माणसाने उभं राहायचा काटा होता. त्यावर बॅग आडवी ठेवली, की तबकडीच झाकली जाते. वजन आहे, पण ते बॅगेखाली! मग बॅग हातात धरून मी त्यावर उभा राहायचं आणि एकूण आकड्यातून मला वजा करायचं. ही सर्वमान्य पद्धत आहे आणि ती सर्वस्वी सदोष आहे. एक तर त्या काट्याला अर्ध्या किलोखालचं काही दिसत नाही; आणि दोनदा वजन करून वजाबाकी करायची म्हणजे दोन चुकांना एकमेकींच्या हातात हात घालू द्यायचे. शिवाय हातात बॅग असली, की पोटाआडून पायांखालचा आकडा दिसत नाही. तो वाचायला हिला बोलावलं, तर तिने बॅगेआधी माझंच वजन वाचलं आणि रात्रीपासून माझ्या ताटातला भात कमी झाला. हाच काटा फरशीवर एक सांगे आणि सतरंजीवर दुसरंच. खाली मऊ असलं की त्याचं तळ नीट टेकत नाही, हे त्यामागचं कारण. त्यावर 'व्यापारासाठी नाही' असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदरच वाटला.

मग रद्दीवाला आला. त्याच्याकडे आकड्याचा स्प्रिंगचा काटा असतो. मी बॅग पुढे केली. त्याने सवयीने आकडा अडकवला, सवयीने उचलला आणि सवयीने सांगितलं, "साडेसतरा." हिला इतका आनंद झाला, की ती आणखी साडेपाच किलो आणायला आत पळाली. तिला थांबवून मी समजावलं, की ज्या काट्यावर वर्षाची वर्तमानपत्रं पावशेरावर येतात, त्याच्या भरवशावर अटलांटिक ओलांडता येणार नाही.

पिठाच्या गिरणीतला काटा विश्वासू. रिक्षाने बॅग तिकडे नेली. रांगेतल्या बायकांनी डब्यांच्या मध्ये तिला जागा करून दिली. गिरणीवाला बॅगेकडे बघून म्हणाला, "काका, कसं दळायचं? जाड की बारीक?"

शेवटी मी बाजारातून हातात धरायचा डिजिटल काटा आणला. मुठीएवढी वस्तू, एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला पट्टा. पट्टा बॅगेच्या कडीत अडकवायचा, उचलायचं आणि आकडा स्थिर झाला की तो 'पी' करून थांबतो. पन्नास किलोपर्यंत, दहा ग्रॅमच्या फरकाने. मात्र आकडा स्थिर व्हायला आधी उचलणारा स्थिर हवा. साठी उलटलेल्या हातात तेवीस किलो लटकले, की हात, बॅग आणि आकडा असे तिघेही थरथरतात. तेव्हा मी झोपाळा काढला आणि काटा झोपाळ्याच्या कडीला टांगला. खाली बॅग लोंबकळायला लागली. जमिनीला न टेकता, भिंतीला न लागता, शांत. ज्या कडीवर तीन पिढ्यांनी मंद झोके घेतले, तिच्यावर हिरवट रंगाची बॅग पाहून आई म्हणाली, "तिलाही जरा झोका दे."

काटा आणला म्हणून तो खरा, असं मानणारा मी नव्हे. जुने वाणीसुद्धा तोलण्याआधी रिकामी पारडी बघत आणि हलक्या पारड्यात पासंग टाकत. आमच्या वरच्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मी वीस लिटर पाणी लिटरच्या मापाने मोजून एका जारमध्ये भरलं, जारचं वजन आधी वजा करून ठेवलं आणि काट्याला लावलं. आकडा आला १९.९३. "सत्तर ग्रॅम खातोय," मी म्हटलं.

"काटा खात नाही, पुणं खातंय," प्राध्यापक जिन्यातूनच म्हणाले. "लिटरला किलो हे चार अंश सेल्सियसच्या पाण्याचं. तुझं पाणी सत्तावीस अंशांवर आहे. तेवढ्या उबेला वीस लिटरमागे सत्तर ग्रॅम कमीच भरणार. काटा चोख आहे."

मला इतकं समाधान बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं. तेवढ्यावर न थांबता प्राध्यापकांनी असंही सांगितलं, की पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे आणि स्वतःभोवती फिरत असल्यामुळे गुरुत्वाकर्षण आपल्याकडे किंचित कमी आणि उत्तरेकडे जास्त. हाच काटा आणि हीच तेवीस किलोंची बॅग शिकागोला नेली, तर ती चाळीसेक ग्रॅम जास्त दाखवेल. ही बातमी मी हिला सांगितली नाही. चाळीस ग्रॅम केशर राहिलं असतं.

काट्याच्या पाठीवर एक बारीक कळ असते, किलोचे पौंड करणारी. ती मी चिकटपट्टीने बंद करून टाकली. यात अतिसावधपणा काही नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ला प्रवासासाठी २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशेब करणाऱ्यांनी पौंडाचा गुणक धरला आणि किलोंऐवजी तेवढे पौंड झाले. म्हणजे निम्म्याहूनही कमी. वाटेत आकाशातच विमानाची दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने ते एवढं थोरलं धूड घारीसारखं तरंगत नेऊन गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि एकाही माणसाचा जीव गेला नाही, हे त्याचं कसब. असली कळ आमच्या घरी उघडी ठेवली असती, तर ती हिच्या हाताखाली येऊन लाडू दुपटीने वाढले असते.

घरात काटा आल्याची वार्ता सोसायटीत पसरली आणि पुडकी सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चकल्यांचा डबा घेऊन आल्या. "फक्त पाव किलो आहे हो. आमचा चिरंजीव तिकडेच असतो, डॅलसला. शिकागोहून जवळच असेल ना?" जवळच म्हणजे हवाई अंतर तेराशे किलोमीटर. पण चार वर्षांत घरी न आलेल्या मुलाच्या आईला भूगोल शिकवण्यात अर्थ नसतो. मी डबा दारातच काट्याला लावला. सहाशे चाळीस ग्रॅम. पैकी तीनशे दहा स्टीलचा डबा. चकल्या पिशवीत घेतल्या आणि डबा परत दिला. त्या जरा हिरमुसल्या. आपल्याकडे डब्याशिवाय पदार्थ देणं म्हणजे लुगड्याशिवाय ओटी भरण्यासारखं वाटतं. पण चकल्या डॅलसला पोचवायच्या म्हणजे पोचवायच्या, असं मी ठरवलं.

निघण्याच्या तीन दिवस आधी चारी बॅगा २२.९०च्या आसपास आल्या. दहा-वीस ग्रॅमसाठी मी एका बॅगेतला मोज्यांचा जोड दुसरीत आणि दुसरीतली वावडिंगाची पुडी तिसरीत हलवत होतो. कारण एक बॅग पंचवीस आणि दुसरी एकवीस, सरासरी तेवीस, हे गणित तिथे चालत नाही. आपल्या वार्षिक परीक्षेसारखं आहे ते. प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं.

आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आईची गोधडी कुठल्याच यादीत नाही.

आई गणपतीपासून गोधडी शिवत होती. तिची दोन जुनी मऊ झालेली लुगडी, एक जांभळं, एक हिरवं. रोज दुपारी खिडकीत बसून चार-चार बोटं टाके. घरात सगळ्यांना ते दिसत होतं आणि ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा ती यादीत लिहायची राहिली असेल. देव्हाऱ्यातला देव सामानाच्या यादीत लिहीत नाहीत, तसं. हिने फोनवर लेकीला विचारलं. "अगं, नको," लेक म्हणाली, "इथे घरभर हीटिंग असतं. आणि बाळाला आत जड पांघरूण घालू देत नाहीत. आजीला सांग, मी पुण्याला आले की घेईन." लेकीचं बोलणं आईला पलीकडून ऐकू आलं. "नको तर नको," आई म्हणाली. "जड आहेच ती."

मी ती तोलली. एक किलो आठशे पन्नास.

त्या रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, तर आईच्या खोलीत दिवा. चष्मा नाकावर, मांडीवर गोधडी आणि हातात लहान कात्री. ती एक कड उसवत होती.

"हे काय करतेस?"

"हळू बोल, ती उठेल," आई म्हणाली. "आत मधल्या थराला तुझ्या वडिलांचं धोतर घातलंय. ते बाहेरून दिसत नाही. तेवढं काढते. पाव शेरावर भरेल. मग जाईल ना बॅगेत?"

मी कात्री तिच्या हातातून काढून घेतली. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या खाडाखोडी शोधल्या, पण ही खाडाखोड मला बघवेना. "उसवलंस तेवढं शिवून ठेव," मी म्हटलं. "पूर्ण गोधडी जाईल."

"कुठे?" आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. चारी बॅगा मिळून माझ्याकडे तीनशे ऐंशी ग्रॅम शिल्लक होते. मी माझा लोकरी कोट, दोन पुस्तकं आणि दाढीचं सामान यांची मनात बेरीज करत अंथरुणावर पडलो.

सकाळी उठलो तर खलबत्ता ओट्यावर. त्यात बत्ता, आणि शेजारी ही सुंठ कुटायला बसलेली. घरभर सुंठेचा वास.

"हे बाहेर कसं?" मी विचारलं.

"इथेच कुटून पूड नेते," ही म्हणाली. "तिकडे मिक्सर आहे की."

मी काही बोललो नाही. संसारात इतकी वर्षं काढल्यावर कोणतं वाक्य मुळात कोणाचं होतं, ते तपासायला जाऊ नये. खलबत्ता एक किलो नऊशे वीस, गोधडी एक किलो आठशे पन्नास. सत्तर ग्रॅम शिल्लक पडले. त्यात सुंठेची पूड घातली. झोपाळ्याच्या कडीला बॅग पुन्हा टांगली, काटा 'पी' करून थांबला आणि मी दोन्ही नोंदी वहीत केल्या. आई पलीकडे बसून उसवलेली कड शिवत होती.

विमानतळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. काउंटरसमोरच्या फरशीवर नेहमीप्रमाणे संसार मांडलेले होते. एक कुटुंब बॅग उघडून पाच किलो तांदूळ हातातल्या पिशवीत कोंबत होतं. एका नवऱ्या मुलाने एकावर एक तीन स्वेटर चढवले होते आणि मुंबईच्या उकाड्यात तो शांतपणे वितळत होता. आमच्या चार बॅगा पट्ट्यावर चढल्या : २२.९, २२.८, २३.०, २२.९. मुलीने आकडे पाहिले, मग आम्हा दोघांकडे पाहिलं. "घरी वजन करून आणलंत?" असं तिने विचारलं. मी वही दाखवणार होतो, पण हिने माझी बाही ओढली.

शिकागोला महिन्याच्या आत नातू झाला. सात पौंड सहा औंस. मी लगेच तीन किलो तीनशे पंचेचाळीस असं भाषांतर केलं. पण दोन आठवड्यांनी तपासायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी सात पौंड चार औंस सांगितलं. पहिल्या दिवसांत मुलं उतरतात, मग भरून काढतात. याने अजून पुरतं भरून काढलं नव्हतं. "घाबरायचं कारण नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा आणा," त्या म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टरांनी म्हटल्यावर सगळं घर घाबरलं. लेक दर दूध पाजण्याची वेळ लिहून ठेवू लागली. रात्री तिच्या खोलीतला दिवा विझेना. ही लाडवांवर लाडू करू लागली. जावई इंटरनेटवर वाचे आणि वाचून आणखी गप्प होई.

पुढच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, तुमचा तो काटा आणलाय का?"

आणला होता. शंभर ग्रॅमचा काटा परतीसाठी मी नेहमीच धरतो. "त्याने? बॅगेच्या काट्याने?" जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना सांगितलं, की आपल्याकडे अंगणवाडीत मुलांना झोळीत घालून आकड्याच्या काट्याला टांगूनच तोलतात आणि लाखो मुलं तशी तोलली गेली आहेत. पलंगावर गादी, तिच्यावर उशा. त्यावर गोधडी पसरली, मधोमध चिरंजीवांना निजवलं, चारी टोकं गोळा करून पट्ट्यात घातली. लेकीचे आणि हिचे हात खाली, जावयाचे त्यांच्याही खाली. मी गादीपासून चार बोटं उचललं. तेवीस किलोंच्या सरावापुढे हे काहीच नव्हतं. पण हात मात्र तेव्हा थरथरले नव्हते तेवढे आता थरथरत होते. आकडा हलला, डुलला आणि 'पी'.

पाच किलो सहाशे. त्यातून गोधडीचे एक आठशे पन्नास वजा. वही बघायची गरजच नव्हती.

"तीन किलो साडेसातशे!" मी म्हटलं. लेक मटकन खाली बसली आणि रडायला लागली. एकदम पौंडभर वाढ होती ती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर आठ पौंड चार औंस भरले, म्हणजे तीन किलो सातशे बेचाळीस ग्रॅम. आठ ग्रॅमचा फरक मी शिकागोच्या गुरुत्वाकर्षणाच्या खाती टाकला.

रात्री पुण्याला फोन लावला. आई धाकट्या भावाकडे होती आणि फोनपाशीच बसली होती.

"तीन किलो साडेसातशे झाला," मी म्हटलं.

"गोधडी धरून?"

"गोधडी वजा करून."

पलीकडे क्षणभर शांतता. आई मनात हिशेब करत होती. "म्हणजे चार शेर झाला की रे," ती म्हणाली.

"चार शेर, वर दीड तोळा."

"तो पासंग," आई म्हणाली आणि धाकट्याला हाक मारून तिने देवापुढे साखर ठेवायला सांगितली.